सोमवारचा पावणा

सोमवारी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी नारायणगावच्या बिबट्या मदतकेंद्रात फोन आला. तेजस्विनीने तो घेतला. बोलणं मिनिटभरसुद्धा चाललं नाही.

"हॅलो, मदतकेंद्र. बोला."

"पावणा आला व्हता."

"कोण बोलतंय?"

"मी बोलते. चिमीला सांगा, पावणा आला व्हता. बसला आन गेला."

"आजी, इथं चिमी कोण नाय. मागंबी सांगितलं ना. गाव परत सांगा, नोंदीत लागतं."

"तळेघर. वरली वाडी. तिला ठावं हाये."

"बिबट्या दिसला का? शेळी, वासरू काय नेलं का?"

पलीकडे वारा घोंघावत होता. म्हातारी म्हणाली, "आसं नाव घेऊ न्हाई बये या वक्ताला." फोन बंद झाला.

तेजस्विनीने संगणकावर नोंद भरली. गाव तळेघर. फोनचा प्रकार निवडायला पाच पर्याय होते: बिबट्या दिसला, ठसे दिसले, जनावर मारलं, माणसावर हल्ला आणि इतर. तिने 'इतर' निवडलं, शेऱ्यात 'घरी पाहुणे आले' असं लिहिलं आणि हेडफोन काढून ठेवला. ती निमगाव सावाची. तिच्या गावात रस्ता विचारणाऱ्या अनोळखी माणसालाही 'काय पावणं' म्हणतात. पावणा या शब्दाचा आणखी काही अर्थ असू शकतो, हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

काचेच्या दारापलीकडच्या खोलीत प्रतिभा काम करत होती. प्रतिभा फोन घेत नसे. आलेल्या फोनांचं पुढे काय करायचं, ते तिचं काम होतं. दोन तालुक्यांतून आलेली प्रत्येक नोंद तिच्या डॅशबोर्डवर जाऊन पडे. तिथे ती त्या नोंदींचे नकाशे, उभे पट्टे, गोल आलेख बनवी. ज्या गावातून महिन्यात तीन वेळा बिबट्या दिसल्याची खबर येई, ते गाव नकाशावर लाल होई. लाल गावाकडे गाडी जाई, पिंजरा जाई, शाळेत माहिती द्यायला माणसं जात. पूर्वेकडचा उसाचा पट्टा बाराही महिने लाल असे. पश्चिमेचे डोंगर पांढरे राहत.

प्रतिभा त्या डोंगरातली. तळेघरहून जीपने वीस मिनिटं आणि पुढे अर्धा तास चढून गेलं की लागणाऱ्या वाडीत ती जन्मली. नवरा गोकुळ नारायणगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला, दोघं तिथेच एका खोलीत राहायची. कार्यालयात तिला सगळे प्रतिभाताई म्हणत. चिमी हे नाव वाडी सोडून कुणाला माहीत नव्हतं.

मंगळवारी सकाळी केंद्राचे समन्वयक बाळासाहेब तिच्या टेबलापाशी आले. ओझरचे, निवृत्त शिक्षक, अजूनही बोलताना समोरच्याच्या वहीत डोकावल्यासारखे उभे राहत.

"प्रतिभा, गुरुवारी समिती बसतेय. पश्चिम पट्ट्याचा वेगळा रिपोर्ट काढून दे."

"काय काय घेऊ त्यात सर?"

"गावं, फोनचे प्रकार, वर्षभराचा चढउतार. तळेघरची जीप तिथंच ठेवायची की इकडं उसात आणायची, त्यावरून ठरणार. नकाशा तर पांढराच दिसतोय."

तळेघरच्या जीपवर दोन माणसं होती. वरल्या वाडीला काही झालं तर तासाभरात पोचणारी तेवढीच. बाकी सगळं नारायणगावहून जायचं म्हणजे निम्मा दिवस. वाडीत आता चारच घरं उघडी होती. त्यातल्या शेवटच्या घरात प्रतिभाची आई साळुबाई एकटी राहत होती.

प्रतिभाने नवा रिपोर्ट उघडला. डावीकडे गावं लावली, खाली आठवडे, रंगाला फोनचा प्रकार दिला. पश्चिमेची गावं निवडली. पडद्यावर जवळजवळ काही उमटलं नाही. वर्षभरात तळेघरहून एकही फोन नाही, हे तिला पटेना. तिने गाळण्या, म्हणजे फिल्टर, तपासल्या. एक गाळणी तिनेच लावलेली होती: 'इतर' वगळा. नकाशा पहिल्यांदा बनवला तेव्हा 'इतर'मध्ये नुसता कचरा भरलेला असे. कुणी मंडपाचा भाव विचारी, कुणी वीज कधी येणार ते विचारी. एकाने तर दारूच्या तारेत, बिबट्या माझी मोटारसायकल घेऊन गेला, अशी तक्रार नोंदवली होती.

तिने गाळणी काढली. तळेघरच्या नावापुढे एक राखाडी पट्टा वर चढला. आजूबाजूच्या कुठल्याही गावापेक्षा उंच.

तिने वारांप्रमाणे मांडणी केली. सगळा राखाडी रंग एकाच वारावर गोळा झाला.

"सोमवार?" मागून बाळासाहेब म्हणाले. "काय राव, भीमाशंकरला जाणारी मंडळी दिसतायत. की बिबट्यानं सोमवारचा उपास धरलाय?"

"ती एक आज्जी आहे सर," तेजस्विनी चहा घेऊन आली होती. "दर सोमवारी तिच्याकडं पावणं येत्यात. आमच्याकडं बोलावूनबी येत नाय कोण. लई गोड बोलती. मला म्हणाली एकदा, जेवलीस का बये. कोण चिमी हाये, तिला निरोप द्या म्हणती."

प्रतिभाचा हात माउसवर होता. तिने सर्वांत अलीकडच्या नोंदीवर जाऊन आवाजाचं बटण दाबलं.

पावणा आला व्हता.

प्रतिभा खुर्चीत पुढे सरकली. तिने हेडफोन लावला आणि एकामागून एक सगळ्या नोंदी ऐकल्या. पहिल्या काहींमध्ये आई घाईत होती: मागच्या वळणानं आला, गोठ्याला चक्कर मारून गेला. नंतर आवाज संथ होत गेला. "आज ओट्यावर बसला. तुज्या बाच्या जागी." दिवाळीनंतरच्या एका नोंदीत ती म्हणत होती, "खोकला. दोनदा खोकला. मंग गेला."

प्रतिभाचे वडील भिका दोन वर्षांपूर्वी छातीच्या आजाराने गेले. शेवटचे सहा महिने ते ओट्याच्या डाव्या टोकाला, घोंगडीवर बसून असत. खोकला लागला की वाडीच्या खालच्या पाणवठ्यापर्यंत ऐकू जाई.

सगळ्या नोंदींत बोलण्यामागे वारा होता आणि कळकाचं, म्हणजे बांबूचं, बेट करकरत होतं. तो आवाज प्रतिभाच्या ओळखीचा होता. वाडीत घरांमध्ये मोबाइलला रेंज नाही. ती मिळते फक्त कळकाच्या बेटामागच्या कातळावर, शेंदूर लावलेल्या वाघोबाच्या दगडाशेजारी. वडिलांच्या आजारपणात गाडी बोलवायला धावपळ करताना ती जागा प्रतिभानेच शोधून काढली होती. नोकरी लागल्यावर आईला हा नंबर तिनेच पाठ करून दिला होता. "त्ये आलं तर या नंबरला फोन कर. पैशे पडत न्हाईत. तिथं मीच असते."

त्याप्रमाणे साळुबाई फोन करत होती. पावणा आला की घराबाहेर पडून, अंधारात, तो ज्या वाटेने गेला त्याच वाटेने कातळापर्यंत जात होती.

आणि सोमवारचं कारणही उपास नव्हतं. वाडीत वीज असली तर असते. सोमवारी भीमाशंकरच्या गर्दीमुळे तळेघरचं हॉटेल दिवसभर उघडं असतं. साळुबाई तिथे मोबाइल चार्जिंगला लावते. मंगळवारी सकाळपर्यंत तो बंद पडतो. आलेखात दिसत होता तो फोनचा वार होता. बाकीच्या सहा दिवसांत ओट्यावर काय होत होतं, याची डॅशबोर्डवर एकही नोंद नव्हती.

प्रतिभाने आईला फोन लावला. मंगळवार होता. फोन बंद होता.

दुपारी तिने बाळासाहेबांच्या खोलीत जाऊन त्यांना त्या नोंदी ऐकवल्या.

"सर, हे फोन 'दिसला'मध्ये घ्यावे लागतील."

"दिसला कुठं म्हणतीय ती? पावणा म्हणतीय."

"आमच्याकडं दिवे लागल्यावर त्याचं नाव घेत नाहीत. घेतलं की येतो म्हणतात. पावणा म्हणायचं."

बाळासाहेबांनी चष्मा काढला. "आणि खोकला म्हणजे?"

"बिबट्याचा आवाज खोकल्यासारखाच येतो सर. प्रशिक्षणात तुम्हीच ऐकवला होता."

"ऐकवला होता. आणि बापाच्या जागी बसला म्हणजे?"

प्रतिभाने हातातला रिपोर्टचा कागद टेबलावर ठेवला.

"आई आहे ना ती तुझी?" बाळासाहेब हळू आवाजात म्हणाले. "तुझा चेहरा बघूनच वाटलं मला. हे बघ, मी तिला खोटं म्हणत नाही. पण आमचे अण्णा गेले तेव्हा माझी आई दोन वर्षं दोन ताटं वाढत होती. रोज. आम्ही काही बोललो नाही. गुरुवारी समितीत कुणी विचारलं, आईच्या फोनवरून नकाशा रंगवला का, तर काय सांगू मी?"

"मग काय करू?"

"पिवळा ठेव. पडताळणी बाकी. तळेघरच्या जीपवरच्या भागूला कॅमेरा लावायला सांगतो. फोटो आला की लाल कर, मी सही करतो."

बुधवारी पहिल्या गाडीने ती निघाली. तळेघरला भागू जीप घेऊन उभा होता. तो शेजारच्याच वाडीचा, भिकाच्या हाताखाली हिरडा गोळा करत वाढलेला. जीप जाते तिथवर गेले आणि पुढे चालत चढले. भागूच्या पिशवीत हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा होता.

साळुबाई अंगणात नाचणी पाखडत होती. तिने वर पाहिलं.

"आलीस? निरोप पोचला म्हनायचा."

"आये, तो फोन मी उचलत न्हाई."

"मंग? तूच म्हनली व्हतीस, मीच असते तिथं."

"असते. दुसऱ्या खोलीत."

"आगं बया. मंग ती पोर सांगत न्हाई व्हय तुला? मला वाटायचं, हिला येळ न्हाई म्हनून मानूस ठेवलंय बोलायला."

भागू हसला. "मावशे, तुजी पोर आता साह्यब हाये."

"तू गप ऱ्हा. कुटं बांधतोस त्ये डबडं? हिरड्याला नको. साल जाती."

भागूने कॅमेरा हिरड्याऐवजी गोठ्याच्या खांबाला बांधला. तिथून ओटा दिसत होता, पण पुरा नव्हे. डावं टोक चौकटीबाहेर राहत होतं. खांब सोडून दुसरी जागा नव्हती.

प्रतिभा आईजवळ बसली. ओट्याच्या डाव्या टोकाला घोंगडी अंथरलेली होती. झटकलेली, स्वच्छ. ऊन चांगलं चढलं होतं, म्हणून तिने विचारलं.

"आये, पावणा म्हंजी त्ये जनावरच ना?"

साळुबाईने सूप खाली ठेवलं. "दुसरं कोण येतंय या वाटंनं? तू येतीस?"

"तसं न्हाई. बाच्या जागी बसला म्हनलीस."

"जागा रिकामी हाये. बसंना का."

"आन घोंगडी कशाला आंथरलीस?"

"खाली गार लागतं."

"कुणाला?"

साळुबाईने नाचणीतला एक खडा शोधून बाजूला टाकला. "तुला काय लिवायचं त्ये लिव चिमे. दार वाजवीत न्हाई, काय मागत न्हाई. येतो, बसतो, जातो."

"भ्या वाटत न्हाई तुला?"

"पयलं वाटायचं. आता न्हाई आला तर वाटतं."

प्रतिभाने तिला नारायणगावला चल म्हणून पाहिलं. साळुबाई म्हणाली, तुमच्या खोलीत पाय पसरले तर गॅसच्या टाकीला लागत्यात, आन हिथं दिवा कोण लावंल.  तिने दोघांना भाकरी खाऊ घातली, भागूला घरी न्यायला नाचणी बांधून दिली.

निघताना प्रतिभा म्हणाली, "आये, एक कर. कातळावर जायाचं न्हाई. दिवा लावला की दार लावून घ्यायचं. काय बी होऊंदे, फोन करायचा न्हाई."

"मंग तुला कळायचं कसं?"

"भागू येऊन बघून जाईल. तू फोन करू नको. शपथ घे माझी."

"शपथ कशाला? न्हाई करत," साळुबाई म्हणाली.

गुरुवारी समिती बसली. प्रतिभाच्या रिपोर्टमध्ये तळेघर पिवळं होतं. कुणी विचारलं नाही कुणाच्या फोनवरून. जीप महिनाअखेरपर्यंत तिथेच ठेवावी, साप्ताहिक आकडे बघून पुढचं ठरवावं, असं ठरलं. त्यासाठी दर सोमवारी संध्याकाळी सात वाजता पश्चिम पट्ट्याचा रिपोर्ट समितीच्या सगळ्यांना आपोआप जाईल, अशी सोय प्रतिभाने करून दिली. नोंदी वाढल्या तर लाल बाण वर. कमी झाल्या तर हिरवा बाण खाली. सगळ्या रिपोर्टांना हाच नियम होता.

शनिवारी भागूने कार्ड काढून आणलं आणि तळेघरहून फोटो पाठवले. प्रतिभाने ते मोठे करून पाहिले. दिवसाच्या फोटोंत कोंबड्या, शेजारचं वासरू, सूप घेऊन जाणारी आई. अंधारातल्या फोटोंत आई ओट्यावर बसलेली. दार उघडं. तोंड डावीकडे वळलेलं, एका फोटोत हात बोलताना उचलतात तसा उचललेला. ज्या बाजूला ती पाहत होती ती बाजू चौकटीत नव्हती. घोंगडीचा कोपरा तेवढा दिसत होता.

त्याशिवाय काही फोटो असे होते की त्यांत आई नव्हती. दार लावलेलं, अंगण मोकळं. कॅमेरा मात्र चालू झाला होता.

"हे कशानं निघाले रे?" तिने भागूला विचारलं.

"न्हाई कळत ताई. वारं आसंल, पाला हालला आसंल. ठसं बघाया गेलो तर मावशीनं आंगण सारवून घेतलेलं." मग तो म्हणाला, "आजूबाजूची कुत्री गेलीत ताई. मागल्या म्हयन्यात तीन व्हती वाडीत. आता येक बी न्हाई."

"मग हे नोंदवायचं ना."

"कशात नोंदवू? दिसलं तर कायच न्हाई."

पाच पर्यायांत कुत्री नव्हती. प्रतिभाने शेऱ्यात लिहिलं. रंग पिवळाच राहिला. रविवारी तिने गोकुळला फोटो दाखवले. त्याने बराच वेळ पाहून मोबाइल परत दिला आणि म्हणाला, "मामी दार उघडं टाकून बसलीय. तू तिला लावून घ्यायला सांगितलं व्हतंस ना?"

सोमवारी तिने काचेचं दार उघडं ठेवलं. फोन वाजले. निमगाव सावाहून एकाने कालव्याकडेला मादी आणि दोन पिल्लं पाहिल्याचं सांगितलं. कुणीतरी वीज कधी येणार ते विचारलं. सहा चाळीस होऊन गेले.

"ताई, आज्जीचा फोन नाय आला," तेजस्विनी म्हणाली. "बरंच झालं ना? तुमीच सांगितलं व्हतं त्यांना."

"हो."

तिने आईचा नंबर लावला. आज तो बंद नव्हता. संपर्क क्षेत्राच्या बाहेर होता. म्हणजे साळुबाई तळेघरला येऊन गेली होती, मोबाइल चार्ज होता आणि तो कातळावर नव्हता. आई सांगितल्याप्रमाणे घरात बसली असेल तर असंच ऐकू येणार होतं. तसं नसेल, तरी असंच ऐकू येणार होतं.

तिने भागूला फोन केला. तो तळेघरलाच होता.

"दुपारी मावशी हॉटेलात दिसली. बोलली चांगली. साखर घेतली, बिडी बंडल घेतलं."

"बिडी? आई बिडी ओढत नाही भागू."

"मला बी तसंच वाटलं. इचारलं न्हाई." पलीकडे जीपचं दार लागलं. "निघतो मी. बघून येतो."

भिका बिडी ओढायचे. डॉक्टरांनी बंद केल्यावरही, ओट्याच्या त्या टोकाला, लपवून.

सात वाजता रिपोर्ट आपोआप गेला. प्रतिभाच्याही मोबाइलवर आला. पश्चिम पट्टा, तळेघर: या आठवड्यात फोन नाही. शेजारी हिरवा बाण होता, खाली वळलेला. दोन मिनिटांत समितीतल्या कुणीतरी अंगठा पाठवला.

जीप जाते तिथवर पोचायला भागूला वीस मिनिटं लागतात आणि पुढे अर्ध्या तासाचा चढ. वाडीतून फोन करायचा तर त्यालाही कळकाच्या बेटामागच्या कातळावरच जावं लागणार होतं. तेजस्विनी कामाची पाळी संपूनही हेडफोन लावून बसून होती. पावणेआठपर्यंत त्याचा फोन आलेला नव्हता.